पारा सांडला तर झाडू नको

अजूनही बऱ्याच घरांत पाऱ्याचा थर्मामीटर जपून ठेवलेला असतो. तो हातातून निसटला की चंदेरी मणी फरशीभर पळतात आणि मुलं त्यांच्यामागे. पारा साध्या हवेतही उडतो. सोलापूरच्या 40 अंशांच्या उन्हाळ्यात तर जास्तच. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, पण श्वासातून शरीरात जाते. आपल्याकडे ज्या खोलीत आई विड्या वळते, त्याच खोलीत बाळ रांगतं. म्हणून हे नीट लक्षात ठेवू या.

आधी मुलांना बाहेर न्या. पंखा, कूलर बंद करा, खिडक्या उघडा. सोन्याची अंगठी, बांगड्या उतरवा. पारा सोन्याला धरतो. झाडू मारू नका, त्याने मणी बारीक होऊन पसरतात. हातात प्लास्टिकची पिशवी घालून जाड पुठ्ठ्याने मणी गोळा करा, बारीक मणी चिकटपट्टीने उचला. काचेसह सगळं झाकणाच्या बाटलीत बंद करा. मोरीत काहीही टाकू नका. सीएफएल बल्ब किंवा ट्यूबलाइट फुटली तरी हीच काळजी. त्यांतही थोडा पारा असतो.

2016 च्या घनकचरा नियमांनी अशा वस्तू घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. बाटली घंटागाडीवाल्याला वेगळी, सांगून द्या. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग, असं आम्ही मुलांना शिकवतो. कचरा उचलणाऱ्याचा हात सांभाळणं त्यातच आलं.