मुलांना सक्ती, शासनाला मुभा

वृद्धांचा प्रश्न निघाला की चर्चा मुलांच्या कृतघ्नतेपाशी येऊन थांबते. ती कृतघ्नता खरीच आहे. परंतु समाजाचे आणि शासनाचे दायित्व तेथे संपत नाही.

२००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा संमत केला. आई-वडिलांना सांभाळणे ही मुलांची कायदेशीर जबाबदारी ठरली. वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पितृऋण मानणाऱ्या देशात असा कायदा करावा लागावा, हे भूषणावह खचितच नव्हे.

मात्र याच कायद्याचे कलम १९ पाहावे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय करणारा वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन 'करू शकेल', असे ते सांगते. 'करील' असे नाही. शासकीय रुग्णालयांतील खाटांनाही 'शक्य तितपत' ही पळवाट आहेच. मुलांना सक्ती आणि शासनाला मुभा, हा कोणता न्याय?

याचे मूळ खोल आहे. राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास राज्यास मनाई करतो. त्यात वयाचा उल्लेख नाही. एकेचाळिसावा अनुच्छेद वार्धक्यात साहाय्याची ग्वाही देतो. पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. परिणामी, वृद्ध हा समान नागरिक न राहता दयेचा विषय बनतो. बोटांचे ठसे झिजले म्हणून शिधा अडतो, मोबाइल हाताळता येत नाही म्हणून खिडकीवरून परतावे लागते, आणि यात कोणालाही अन्याय दिसत नाही.

ब्रिटनने २०१० च्या समानता कायद्यान्वये, वयावरून होणारा भेदभाव दूर करण्याचा व समान संधी वाढविण्याचा विचार प्रत्येक निर्णयात करणे शासकीय संस्थांना बंधनकारक केले. चांगले ते कोठूनही घ्यावे. 'करू शकेल'च्या जागी 'करील' आणणारी दुरुस्ती भारतातही व्हावी, असा आग्रह धरला पाहिजे.

तोवर आहे तो कायदा तरी वृद्धांच्या दारापर्यंत पोहोचावा. त्यासाठीचे न्यायाधिकरण किमान प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. वृद्धास अर्ज करणे शक्य नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था तो करू शकते. वस्तीतील कार्यकर्त्याने एवढे काम अंगावर घेतले, तरी कित्येक घरांतील वार्धक्य सन्मानाने जगेल.