दार्ष्टांतिकाची घाई : शुभवर्तमानातील दृष्टांत आणि ऋणाचा प्रश्न

'दृष्टांत' हा शब्द मराठीला ख्रिस्ती वाङ्मयाने दिलेला नाही. येशूने सांगितलेल्या कथांना तो लावला जाण्याच्या कितीतरी आधी महानुभाव पंथाने त्याला ग्रंथरूप दिले होते. चक्रधरांचे दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त संकलित केले. त्यांची संख्या ११४ मानली जाते. आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, अशी तेथील रचना आहे. सूत्र सिद्धांत मांडते, दृष्टांत तो डोळ्यांपुढे उभा करतो आणि दार्ष्टांतिक दोहोंची सांगड घालून देते. श्रोत्याने अर्थासाठी चाचपडावे, असे तेथे काही उरत नाही.

शुभवर्तमानांतील दृष्टांत या रचनेत सहजी बसत नाहीत. पेरणाऱ्याचा आणि निदणाचा, अशा थोड्याच दृष्टांतांचे सविस्तर स्पष्टीकरण येशूच्या मुखी येते. इतर बहुसंख्य कथा एखाद्या प्रश्नाशी किंवा धक्क्याशी थांबतात आणि पुढचे काम श्रोत्यावर सोपवितात. मराठी ख्रिस्ती परंपरेने मात्र हे मोकळे स्थान रिकामे ठेवलेले दिसत नाही. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले; पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रकाशात आले; नारायण वामन टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. या वाङ्मयाने शुभवर्तमानाची कथा मराठीत रुजविली, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु प्रवचनपीठावरून आणि बोधपर पुस्तिकांतून दृष्टांत सांगितला की लगेच त्याचे दार्ष्टांतिक जोडण्याची जी रीत पडली, तिने दृष्टांताची धार बोथट केली. राजा म्हणजे देव, चाकर म्हणजे मनुष्य, कर्ज म्हणजे पाप. समीकरण पूर्ण झाले आणि कर्जातला पैसा नाहीसा झाला.

हे नाहीसे होणे किती महाग पडते, हे पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा झरी जामणी तालुका घ्यावा. पैनगंगेपलीकडे तेलंगण, अलीकडे कापूस, तूर आणि सोयाबीनची शेती, गोंड व कोलामांची वस्ती. खरिपाचे सारे गणित येथे पावसावर आणि उधारीवर चालते. सोसायटीचे पीककर्ज, कृषी केंद्रावरील बियाण्याची व खताची उधारी, सावकाराचे व्याज आणि दुबार पेरणीची वेळ आली तर पुन्हा तेच चक्र. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपविले. तेव्हापासून 'कर्ज' हा शब्द या भागात रूपक म्हणून उच्चारणे अवघड झाले आहे. येथे ख्रिस्ती कुटुंबे किती, हा प्रश्न गौण आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दृष्टांत अशा ठिकाणी वाचला असता काय ऐकू येते, हा खरा प्रश्न आहे.

त्या दृष्टांतातील आकडे सहसा कोणी मोजत नाही. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार. आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्याच विसाव्या अध्यायावरून कळते. चाकराला माफ झालेले दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याने ज्याचा गळा धरला, त्या सोबत्याचे देणे शंभर दिनार. पहिले कर्ज कल्पनेपलीकडचे आहे. दुसरे मात्र अगदी ओळखीचे आहे. सालगडी लग्नकार्यासाठी किंवा दवाखान्यासाठी मालकाकडून जी उचल घेतो, ती साधारण याच मापाची असते.

दृष्टांताचा रोख येथेच आहे. २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये शासनाने शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी जाहीर केली. माफी पुरेशी होती का, ती सर्वांपर्यंत पोहोचली का, हे प्रश्न रास्त आहेत. पण दृष्टांत याहून वेगळा आणि अधिक अडचणीचा प्रश्न विचारतो : ज्याचे कर्ज माफ झाले, त्याने आपल्या सालगड्याच्या उचलीचे काय केले? सावकार दुष्ट आणि शेतकरी पीडित, एवढ्यावर ही कथा थांबत नाही. तिच्यातला गळा धरणारा माणूस काही क्षणांपूर्वी स्वतःच गुडघे टेकून मुदत मागत होता.

यावर एक आक्षेप संभवतो. हा दृष्टांत अपराधांच्या क्षमेविषयी आहे. पेत्राने भावाला किती वेळा क्षमा करावी असे विचारले, त्याचे ते उत्तर आहे. आक्षेप खरा आहे, पण पुरा नाही. दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचा नियम अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आहे. जमीन मूळ मालकाकडे परत जाण्याचे पन्नासावे वर्ष लेवीयाच्या पंचविसाव्यात आहे. येशूच्या श्रोत्यांना कर्जमाफी ही आधी कायद्याची गोष्ट म्हणून ठाऊक होती, उपमा म्हणून नंतर. मत्तयातील प्रभूच्या प्रार्थनेचा मूळ ग्रीक शब्दही 'देणे' असाच आहे आणि प्रचलित मराठी बायबलने तेथे 'ऋण' शब्द राखला आहे. मराठी ख्रिस्ती माणूस त्या प्रार्थनेत पापाची नव्हे, ऋणाची भाषा बोलतो. भाषांतरकारांनी जे जपले, ते विवरणकारांनी गमावू नये.

द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टांताचेही असेच झाले आहे. उशिरा विश्वास ठेवणाऱ्यालाही तारण मिळते, हे त्याचे नेहमीचे दार्ष्टांतिक. कापसाची वेचणी वजनावर मोजून घेणाऱ्या गावात मात्र या कथेतील संध्याकाळ निराळी दिसते. कोणी कामाला लावले नाही म्हणून दिवसभर नाक्यावर थांबलेला मजूर आणि पहाटेपासून राबलेला मजूर यांना सारखाच दिनार मिळतो. काम कमी मिळाले, तरी घरची चूल तेवढीच पेटावी लागते. पहाटेपासून राबलेल्यांची तक्रार अन्यायाची वाटत नाही, तोवर हा दृष्टांत ऐकलाच गेला नाही असे समजावे. आणि ती तक्रार रास्त वाटूनही मालकाचे उत्तर खोडता येत नाही, तेव्हा तो कळू लागतो.

दार्ष्टांतिक टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाही. महानुभाव परंपरेत ते एका सुस्पष्ट तत्त्वविचाराचा भाग आहे आणि तेथे ते शोभते. शुभवर्तमानातील दृष्टांताला ते बाहेरून व घाईने जोडले की ख्रिस्ती जीवनाचा बोध रविवारच्या उपासनेपुरता उरतो आणि सोमवारची उधारीची वही कोरडी राहते. अभ्यासकांनी दृष्टांतांचा विचार करताना त्यांतील मजुरी, व्याज, बी आणि जमीन यांना आधी त्यांच्या स्वतःच्या अर्थाने वाचावे. उपदेशकांनीही तेवढा वेळ श्रोत्यांना द्यावा. ऋणमुक्तीची प्रार्थना करणाऱ्याच्या वहीत कोणाचे तरी शंभर दिनार लिहिलेले असतात. बोध त्या पानावर लिहिला जायचा आहे.