मार्चमधला लाल रंग

२१ मार्च हा आंतरराष्ट्रीय वन दिन. या दिवसांतले दक्षिण गुजरातचे उपग्रहचित्र पाहिले तर पहिल्या नजरेला चकवा बसतो. अशा चित्रांत हिरवाई बहुधा लाल दाखवतात, कारण ताजे पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकते. पलसाण्याच्या शिवारात काकरापारच्या कालव्यावर उभा असलेला ऊस लालभडक दिसतो. डांगचा पानगळ झालेला साग मात्र करडा. ऋतू ठाऊक नसलेला माणूस म्हणेल, जंगल पलसाण्यात आहे आणि डांग उजाड झाला.

म्हणूनच भारतीय वन सर्वेक्षण संस्था ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे घेते. तेव्हा आकाश निवळलेले असते, सागाच्या अंगावर पाने असतात. तोड ओळखायची तर दोन वर्षांची, पण एकाच महिन्याची चित्रे शेजारी ठेवावी लागतात. तरीही वरून दिसते ते छत्रच. एक हेक्टरवर दहा टक्के छत्र असले की संस्थेच्या हिशेबी ते वनाच्छादन, मग ती आमराई का असेना.

पलसाण्याच्या उसात कोयता चालवणारी कितीतरी कुटुंबे डांग, नवापूर, नंदुरबारकडून येतात आणि हंगामभर पडावावर राहतात. त्यांच्या मुलखात वनहक्क कायद्याखाली वनपट्ट्याचा दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. गुजरातेत चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले गेले. मोहाची झाडे राखून उतारावर केलेली नागलीची चिंचोळी पट्टी चित्राच्या एका ठिपक्यात कशी उमटणार? उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही, असे या कायद्याच्या २०१२च्या सुधारित नियमांतच लिहिले आहे. २०१३मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांचा फेरविचार करायला सांगितला. नर्मदा जिल्ह्यात तर ‘आर्च वाहिनी’ या संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी जीपीएसने आपली शेते मोजली, ती चित्रावर बसवली आणि त्याच चित्राला आपल्या बाजूने बोलते केले. आम्हाला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

वनखात्याने जंगलाच्या नुकसानीची चित्रेही अशीच गावापुढे ठेवावीत. कोणता डाग वणव्याचा, कोणता कुऱ्हाडीचा, कोणता नुसत्या पानगळीचा, हे तिथला माणूस बोट ठेवून सांगेल. पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ही माणसे पलसाण्यात ऊस तोडत असतात. तेव्हा चित्रे लावायची ती १ मेच्या ग्रामसभेत, कोयते घरी परतल्यावर.