सोबतचा कागद

मंडळी, आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी मी लिनक्सवर ठेवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (नसेल तर आता झाले.) यादी असते मारियाडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये आणि तिच्यात डोकवायची खिडकी म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिन. १९९८ पासूनचे साधन आहे. ब्राउझरमध्ये उघडते, तक्ते समोर दिसतात, हुकूम पाठ करावे लागत नाहीत.

मध्यंतरी नवे यंत्र आले, त्यावर डेबियन घातले. भाचा फोनवर म्हणाला, "सोपं आहे आत्या, एका ओळीत होतं." झालेही. पण आत शिरता येईना. नेटवरच्या एका जुन्या लेखात 'रूट हे नाव आणि पासवर्ड द्या' असे ठामपणे लिहिले होते. दिला. नकार! दोन दिवस मी माझ्या वयाला दोष देत बसले.

कारण निघाले भलतेच. डेबियनने २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी दिले. त्यात रूटला पासवर्ड विचारतच नाहीत. जो यंत्रावर रूट म्हणून बसला आहे, त्यालाच डेटाबेसचा रूट मानतात. ब्राउझरमधून येणारा तो नव्हेच. तेव्हा यादीपुरते अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता करायचा आणि त्याच्या नावाने आत जायचे. रूटबद्दलचा हा सगळा खुलासा माझ्याच यंत्रावर, 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधल्या 'डॉक' फोल्डरात, 'रीडमी डॉट डेबियन' नावाच्या फाईलीत पडून होता!

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, की पॅकेज बांधणाऱ्याचे अर्धे काम म्हणजे हा सोबतचा कागद. तो दुसऱ्या कोणाला लिहिताच येत नाही. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे साऱ्या जगासाठी लिहितात. त्यांची पुस्तिका म्हणते, सेटिंगची फाईल प्रोग्रॅमच्या फोल्डरात ठेवा. डेबियनचा पॅकेजकर्ता तीच फाईल 'ईटीसी'मध्ये नेऊन ठेवतो. का नेली, कुठे नेली, हे त्याच्यावाचून कोण सांगणार? डेबियनच्या नियमावलीत तर प्रत्येक प्रोग्रॅमला माहितीपान हवे, नसेल तर तो दोष समजावा, असे स्पष्ट आहे. नियम चांगलाच आहे. पण पान असणे वेगळे आणि नवख्याला कळणे वेगळे.

आता हेच बघा. पीएचपीमायअ‍ॅडमिन बसवताना एक पडदा येतो, 'कोणता वेब सर्व्हर जुळवू?' अपाचेवर रंगीत पट्टी असते, म्हणून माणसाला वाटते निवड झाली. झालेली नसते! स्पेसबार दाबून चौकटीत फुली आणावी लागते. नुसते एंटर मारले तर सगळे बसते, पण पान काही उघडत नाही. मला भाच्याने आधीच बजावले होते म्हणून निभावले. आमच्याकडे अनारशाच्या कृतीत 'पीठ नेहमीप्रमाणे भिजवावे' असे लिहितात ना, त्यातलाच प्रकार. ज्याला नेहमीचे माहीत आहे तो कृती कशाला वाचेल?

भाच्याला हे पटत नाही. "आत्या, ही माणसं फुकट काम करतात. २०१९ ला डेबियन १० आलं त्यात पीएचपीमायअ‍ॅडमिन नव्हतंच. नव्या आवृत्तीला लागणाऱ्या लायब्ररी वेगवेगळ्या पॅकेज करत बसायला माणसं कुठायत? २०२१ ला डेबियन ११ मध्ये परत आलं. आणि तू कागद मागतेस!"

त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. पण मला प्रोग्रॅमिंग येत नसले तरी मूल नेमके कुठे अडते, ते चाळीस वर्षे फळ्यापाशी उभी राहून पाहिले आहे. म्हणजे कागदाचे काम माझ्यासारखीला जमण्यातले आहे. डेबियनकडे तक्रार वा सुधारणा साध्या ईमेलने पाठवता येते म्हणे. स्पेसबारबद्दल आठ ओळी लिहून ठेवल्या आहेत. इंग्रजी तपासून द्यायचे भाच्याने कबूल केले आहे. त्याला रविवारपर्यंत मुदत दिली आहे.