पिस्तूल इटलीचे, पण ग्वाल्हेर?

आमच्या गोव्यातही गांधीहत्येचा विषय निघाला की कुणीतरी सांगतोच : पिस्तूल बेरेटा, इटलीचे, मुसोलिनीच्या काळातले! नंबरसुद्धा पाठ असतो, ६०६८२४. बरे, मग?

२० जानेवारी १९४८चा बेत फसल्यावर गोडसे-आपटे ग्वाल्हेरला गेले ते इटालियन माल शोधायला नव्हे. त्यांना ऐनवेळी दगा न देणारे हत्यार हवे होते. बेल्जियमचे मिळते तर तेही घेतले असते.

मला टोचते ते ग्वाल्हेर. दाना ओलीच्या त्या लष्कर भागात शिंद्यांमागून गेलेली मराठी घरे. २७च्या रात्री हे दोघे गेले तेही डॉ. परचुऱ्यांकडेच (अपिलात डॉक्टर सुटले). इटली चवीने सांगणारे आपण हा पत्ता मात्र गिळतो.