‘श्वास’ आणि मोहोर

१९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक पटकावले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सुवर्णकमळासाठी मराठीला तब्बल ५० वर्षे वाट पाहावी लागली. २००४ मध्ये संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ने ती प्रतीक्षा संपविली आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला.

या चित्रपटात भव्य नेपथ्य नाही, नाचगाण्यांचा थाट नाही. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेतात आणि डोळे भरून जग दाखवितात. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या चेहऱ्यांवरच सारे नाट्य उलगडते. एका घरातील दुःख इतक्या निकटून पाहिले की ते प्रत्येक घराचे होते, हे या चित्रपटाने सिद्ध केले.

ऑस्करची वाट मात्र केवळ गुणवत्तेची नाही. अमेरिकेत खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, मतदारांना चित्रपट पाहावयास लावायचे, तर पैसा हवा. ‘श्वास’साठी तो शाळकरी मुलांपासून कलावंतांपर्यंत अनेकांनी वर्गणीतून उभा केला. नामांकन मिळाले नाही. २००५ मध्ये तो सन्मान स्पेनच्या चित्रपटाने मिळविला. पण म्हणून ‘श्वास’ उणा ठरला काय? मुळीच नाही. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी सुवर्णकमळ मराठीत आणले, ते याच वाटेने.

प्रश्न आहे तो आपला. सातासमुद्रापलीकडच्या परीक्षकांपर्यंत चित्रपट पोहोचावा म्हणून आपण झोळी फिरविली. तो वाशीम जिल्ह्यातील रिठदपर्यंत पोहोचावा म्हणून किती धडपडलो? उपचारासाठी नातवाला शहरात घेऊन जाणारा आजोबा रिठदला परका नाही. कागदपत्रे हाती धरून अनोळखी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसण्याचे दुःख त्या गावाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. या कथेचा खरा परीक्षक तोच आहे.

पुरस्काराची आकांक्षा गैर नव्हे. मात्र परक्याची मोहोर उमटल्यावाचून स्वतःच्या कलाकृतीचे मोल न ओळखणे, हा आत्मविस्मृतीचा प्रकार होय. गणेशोत्सव मंडळांनी, वाचनालयांनी, शाळांनी रीतसर परवानगी घेऊन वर्षातून एक तरी असा चित्रपट गावात दाखवावा आणि तिकिटाचे दहा-वीस रुपये निर्मात्याच्या हाती पडावेत. वर्गणीची ती जिद्द येथे दिसली, तर पुढचा ‘श्वास’ घडविणाऱ्याला ऑस्करच्या निकालाकडे डोळे लावून बसावे लागणार नाही.