पट्टा कुणाचा, रंग कुणाचा?

बँकेत, विमा कार्यालयात किंवा एखाद्या कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केलेल्यांना तो कागद आठवत असेल. लांबच लांब, कडेला भोकं असलेला, एक पट्टा फिकट हिरवा आणि एक पांढरा. खडखडणाऱ्या प्रिंटरमधून तो घड्या पडत बाहेर यायचा. ते हिरवे पट्टे शोभेसाठी नव्हते. डावीकडच्या खातेदाराच्या नावावरून उजवीकडच्या रकमेपर्यंत जाताना नजर घसरून खालच्या ओळीवर जाऊ नये, एवढंच त्यांचं काम.

आज तेच काम वेबपेजवर होतं. तुमच्या घरातलं आठवी-नववीतलं पोर वेबपेज बनवायला शिकत असेल, तर यादीला आलटूनपालटून रंग देण्याचा धडा त्याला लवकरच लागेल. संगणक यादीतल्या ओळी एकामागून एक मांडत जातो. याला म्हणतात लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा. प्रत्येक फेरीत ओळीचा क्रमांक हातात असतो. त्याला रंगांच्या संख्येनं भागायचं आणि बाकी बघायची. तीन रंग असतील तर बाकी ०, १ किंवा २. जी बाकी तो रंग. चौथीतला भागाकार इथे कामाला येतो, आणि तेव्हा ‘बाकी कशाला काढायची?’ म्हणून कटकट करणारी मुलं इथे हटकून हसतात.

एक खाच लक्षात ठेवा. जावास्क्रिप्टचा लूप बहुधा शून्यापासून मोजतो, तर पेजची सजावट सांगणारी सीएसएस एकापासून. त्यामुळे एकीकडची ‘सम’ ओळ दुसरीकडे ‘विषम’ निघते. सीएसएसमध्ये तर लूप लिहावाही लागत नाही. ‘एन्थ-चाइल्ड’ नावाचा नियम आहे, त्याला ‘३एन अधिक १’ असं सांगितलं की पहिली, चौथी, सातवी, दहावी ओळ तो आपणहून उचलतो. २०११ साली हा नियम वेबच्या अधिकृत मानकात आला.

आपल्याकडे याचं सुंदर उदाहरण भिंतीवर टांगलेलं असतं. पंचांगातलं पाचवं अंग म्हणजे करण, अर्धी तिथी. महिन्याच्या तीस तिथींची साठ करणं. पण नावं साठ नाहीत. बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज, विष्टी ही सात चर करणं फिरत राहतात, आठ वेळा. सात आठे छप्पन्न. उरलेली चार स्थिर, महिन्यातून एकेकदाच येणारी. शुद्ध प्रतिपदेच्या पूर्वार्धात किंस्तुघ्न. शेवटी वद्य चतुर्दशीच्या उत्तरार्धात शकुनी आणि अमावास्येला चतुष्पाद व नाग. म्हणजे बव येतं ते २, ९, १६ असं करत ५१ पर्यंत, ‘७एन अधिक २’. पुढचं ५८ वं हिशेबानं बवच, पण तिथे शकुनी बसलेला. मुलांना साठ ओळींचा हा तक्ता रंगवायला द्या. अपवादांचे नियम फिरत्या नियमांच्या खाली लिहायचे, कारण सारख्या वजनाच्या दोन नियमांत सीएसएस नंतरचा मानते. हे एकदा हाताखालून गेलं की दहा व्हिडिओ बघायची गरज राहत नाही.

इथवर गंमत होती. आता मारतहळ्ळीतली, आमच्याच इमारतीतली गोष्ट. आउटर रिंग रोडलगतच्या इथल्या बहुतेक घरांसारखंच हे घर. आईबाबा दोघंही कंपनीत, आजी सांगलीहून आलेल्या, दिवसभर सोबतीला एक अक्का. आजींना मराठी वाचता येतं, अक्कांना कन्नड, आणि गोळ्यांच्या पाकिटांवर सगळं इंग्रजी. नववीतल्या नातीनं डोकं चालवलं. टॅबवर आजींच्या सहा औषधांचा तक्ता केला, एकेका ओळीला पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी, केशरी, जांभळा असा रंग दिला, आणि त्याच रंगांच्या टिकल्या गोळ्यांच्या डब्यांवर चिकटवल्या. तीन भाषांच्या घरात रंग ही चौथी, सगळ्यांना कळणारी भाषा झाली. मला हे फार आवडलं होतं.

मग डॉक्टरांनी दुसऱ्या क्रमांकाची गोळी बंद केली. नातीनं ती ओळ काढली आणि लूपनं आपलं काम चोख केलं. खालची प्रत्येक ओळ एकेक घर वर सरकली आणि तिथला रंग ल्याली. साखरेच्या गोळीची ओळ होती गुलाबी, ती झाली निळी. डब्यावरची टिकली मात्र गुलाबीच. रात्री अक्कांनी तक्त्यात निळी ओळ पाहिली, निळ्या टिकलीचा डबा उघडला आणि रक्तदाबाची गोळी आजींच्या हातावर ठेवली. ती सकाळीच घेऊन झाली होती. आजींनी गोळी बोटांनी चाचपली. “ही बारकी तर सकाळची गं,” म्हणाल्या, म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा घेतली असती तर रक्तदाब उतरून रात्री न्हाणीघरात जाताना तोल जायचा, आणि त्या वयात पडणं म्हणजे काय हे सांगायला नको.

अक्कांचं काहीच चुकलं नव्हतं. तक्त्यात रंग जागेचा होता, घरातल्यांनी तो औषधाचा मानला होता. हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर हिरवा म्हणजे अमुक खातेदार असं कुणी समजत नसे, कारण तिथला रंग कशाचंच नाव नव्हता. ज्या रंगाला अर्थ आहे तो मोजून द्यायचा नसतो, वस्तूच्या नोंदीत लिहून ठेवायचा असतो.

नातीनं दुसऱ्याच दिवशी तसं केलं. प्रत्येक औषधाच्या नोंदीत नाव, वेळ, किती, आणि त्याचा स्वतःचा रंग. ओळ वर जावो की खाली, साखरेची गोळी गुलाबीच. बंद झालेल्या औषधाचा हिरवा तिनं कुणालाच दिला नाही, हे मला विशेष शहाणपणाचं वाटलं. सोबत सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढला, औषधाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका, असं वेब सर्वांना वापरता यावं म्हणून केलेले नियमही सांगतात. काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, आणि मोतीबिंदूनं निळा मळकट दिसू लागतो. आजींच्या वयाला हे आलंच.

करडे-पांढरे पट्टे तिनं ओळींमागे तसेच ठेवले, नजरेच्या सोयीला. तेवढ्यात नवी तक्रार आली. “फक्त रात्रीच्या” असं बटण दाबलं की सकाळच्या ओळी लपतात आणि दोन करडे पट्टे एकमेकांना चिकटतात. कारण साधं आहे. लपवलेली ओळ दिसत नाही, पण एन्थ-चाइल्डच्या मोजणीत ती असतेच. २०२३ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ‘अमुक प्रकारच्याच ओळी मोज’ असं या नियमाला सांगता येतं. तिनं दिसणाऱ्या ओळींना एक खूण दिली आणि तेवढ्याच मोजायला सांगितल्या. आजींच्या टॅबवर आधी जुना ब्राउझर होता, तो अद्ययावत करण्यात मात्र तिचा अख्खा रविवार गेला.